दमा, नाक आणि पेनकिलर: कुणाला चालते, कुणाला नाही?

गवाक्ष

डोकेदुखीच्या धाग्यावर एकाखाली एक दोन प्रतिसाद आले. पहिला म्हणतो, दमा असणाऱ्याने पेनकिलरच्या वाटेलाही जाऊ नये. दुसरा म्हणतो, मला लहानपणापासून दमा आहे, आयबुप्रोफेन घेतो, आजवर काही झालं नाही. तिकडे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. दोघंही आपापल्यापुरतं खरंच सांगतायत, पण दोघांपैकी कुणाचाही सल्ला तिसऱ्याने जसाच्या तसा उचलला तर तो गोत्यात येऊ शकतो.

मी डॉक्टर नाही. पेनकिलरने दमा उसळण्याचा हा त्रास मला आहे आणि तो नीट कळेपर्यंत नाकासाठी एक डॉक्टर, छातीसाठी दुसरे, दुखण्याखुपण्यासाठी तिसरे असा कारभार बरीच वर्षं चालला. तिघांचे कागद कधी एका टेबलावर आलेच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की नाक, छाती आणि गोळी हा एकाच आजाराचा पसारा असू शकतो, आणि तसा संशय आधी रुग्णालाच यायला हवा.

आधी प्रमाण. दमा असलेल्या प्रौढांपैकी साधारण ७ टक्के लोकांना ॲस्पिरिन आणि त्याच्या जातकुळीतल्या गोळ्यांनी श्वासाचा त्रास होतो. दमा तीव्र असेल तर हा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास जातो. नाकात पॉलिपही असतील (लोक ज्याला नाकातलं मास वाढणं म्हणतात ते) तर शंका आणखी बळावते. उरलेल्या बहुतेक दमेकऱ्यांना या गोळ्या चालतात. तेव्हा सरसकट बंदी नको आणि सरसकट बेफिकिरीही नको.

आजाराची चाल पुष्कळांत सारखी असते. विशी ते चाळिशीच्या दरम्यान केव्हातरी एक सर्दी येते आणि मुक्कामालाच राहते. नाक कायम चोंदलेलं. वास येईनासा होतो, त्यामागोमाग चवही जाते. पुढे पॉलिप निघतात, दुर्बिणीने काढले तरी परत येतात. मग दमा लागतो. आणि एके दिवशी, पूर्वी कितीदा तरी बिनघोर घेतलेली गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक वाहायला लागतं, डोळे लाल होतात, चेहरा तापतो, छाती आवळते आणि सूं सूं सुरू होते. क्रम मागेपुढे होतो, सगळ्यांना सगळं होतंच असंही नाही. बायकांत प्रमाण थोडं जास्त दिसतं.

गोळीने हा आजार होत नाही. तो आधीच आत असतो, गोळी फक्त त्याला उघडं पाडते. त्यामुळे गोळ्या बंद केल्या की झटका टळतो, पण नाकातलं आणि छातीतलं काम चालूच राहतं. "गोळी टाळतोय ना, मग झालं" असं म्हणणारे खूप भेटतात. झालेलं नसतं.

अनुभव, शंका, दुरुस्त्या येऊ द्यात. आपल्याकडे छातीठोक हे डॉक्टर सदस्य आहेतच, माझं चुकेल तिथे त्यांनी कान धरावा.


बाराखडी

वाचतेय. वाचनखूण साठवली.


अर्धविराम

चांगला विषय. एक मूलभूत शंका: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांची रासायनिक रचना एकमेकांशी फारशी जुळत नाही. ॲलर्जी म्हणजे शरीर एखाद्या रेणूचा आकार ओळखून बिथरतं असं शिकलोय. मग एकाने त्रास झाला तर सगळ्यांनी का व्हावा?


छातीठोक

@अर्धविराम, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. इथे शरीर रेणू ओळखत नाही, त्या रेणूने केलेल्या कामावर बिथरतं. आणि काम सगळ्यांचं एकच असतं.

आपल्या पेशींच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल सुटतं. पाटाचं पाणी दोन फाट्यांना जावं तसं समजा. एका फाट्यावर कॉक्स हे एन्झाइम बसलेलं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. वेदना, सूज, ताप यांत त्यांचा हात असतो, म्हणून पेनकिलर हा फाटा बंद करतात. दुसऱ्या फाट्यावर ल्युकोट्राइन तयार होतात. ती श्वासनलिका आवळतात, नाकाच्या आतल्या त्वचेला सूज आणतात, चिकट स्राव वाढवतात. आता गंमत अशी की पहिल्या फाट्यातून निघणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ दुसऱ्या फाट्याला लगाम घालत असतं. सामान्य माणसात लगाम थोडा सैल झाला तरी काही बिघडत नाही. या रुग्णांत दुसरा फाटा मुळातच दुथडी भरलेला असतो, आणि ई-२ आधीच कमी असतं. जे काही थोडं उरलंय तेही गोळीने बंद केलं की ल्युकोट्राइनचा लोंढा येतो. रुग्णाच्या लघवीत ल्युकोट्राइन ई-४ एरवीही जास्त सापडतं आणि झटक्यानंतर आणखी उसळतं.

कॉक्सचे दोन मुख्य प्रकार आहेत. जी गोळी कॉक्स-१ जोरात बंद करते ती या रुग्णांना हमखास बाधते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, इंडोमेथासिन, पिरॉक्सिकॅम, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक, सगळी याच रांगेत.

थोडा इतिहास, कारण मला आवडतो. ॲस्पिरिन बाजारात आलं १८९९ मध्ये. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये फर्नांद विदाल आणि सहकाऱ्यांनी दमा, नाकातले पॉलिप आणि ॲस्पिरिनचा त्रास हे तिन्ही एका रुग्णात मांडून दाखवलं. ते फ्रेंचमध्येच राहिलं. १९६८ मध्ये मॅक्स सॅम्टर आणि बीअर्स यांनी अमेरिकेत त्यावर लिहिलं आणि त्रिकुटाला सॅम्टरचं नाव चिकटलं. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन थांबवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आणि तुमच्या शंकेचं उत्तर १९७५ मध्ये पोलंडच्या आंद्रझेय श्चेक्लिक यांनी दिलं: प्रयोगशाळेत जी औषधं प्रोस्टाग्लँडिन थांबवतात तीच रुग्णांत झटका आणतात, जी थांबवत नाहीत ती आणत नाहीत. रचनेकडे बघायचंच नाही, काम बघायचं.


अर्धविराम

म्हणजे त्वचेवर टोचून करतात त्या ॲलर्जी टेस्टमध्ये हे सापडणारच नाही?


छातीठोक

नाही सापडणार. रक्तातली ॲलर्जीची प्रतिद्रव्यं मोजणाऱ्या आयजीई चाचणीतही नाही. "सगळ्या ॲलर्जी टेस्ट नॉर्मल आल्या, मग पेनकिलर घ्यायला हरकत नाही" असं कुणी म्हणत असेल तर तो निष्कर्ष चुकीचा आहे. खात्री करायची एकच रीत: दमा आटोक्यात असताना, रुग्णालयात, श्वासाची मोजणी करत, औषधाचा अगदी लहान डोस देऊन वाढवत नेणं. याला चॅलेंज टेस्ट म्हणतात. झटका आलाच तर हाताळायला माणसं आणि सामान हजर हवं. घरी "अर्धी गोळी घेऊन बघू" हा प्रकार कृपया कुणी करू नका. इतिहास स्पष्ट असेल, म्हणजे दोन वेगवेगळ्या पेनकिलरनी ठरावीक वेळात धाप लागली असेल, तर बऱ्याचदा टेस्टशिवायही निदान होतं.


बंडूनाना

आमच्या पिढीत नाक म्हणजे रुमालाचा विषय होता. एवढं सगळं नाकात चालतं हे आज कळलं. चालू द्या, मागे बसून ऐकतोय.


शेवंती

माझ्या नणंदेला पेनकिलर घेतली की अंगभर पित्त उठतं, कधी ओठ आणि पापण्या सुजतात. धाप कधी लागत नाही, दमा नाही. हे तेच का?


छातीठोक

@शेवंती, शेजारचं आहे, तेच नाही. पेनकिलरच्या त्रासाचे ढोबळ गट सांगतो. एक, वर लिहिलेला श्वासाचा. दुसरा, गांधी उठणं आणि सूज, यातही कॉक्स-१ बंद करणाऱ्या बहुतेक गोळ्या बाधू शकतात. काहींना एरवीही अधूनमधून पित्त उठण्याचा जुना त्रास असतो आणि गोळीने तो भडकतो. तिसरा, एकाच विशिष्ट औषधाची खरी ॲलर्जी. त्यात डायक्लोफिनॅकने जिवावर बेततं आणि वेगळ्या रचनेची गोळी सहज चालते. या तिसऱ्या गटाला आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो, कारण रक्तदाब कोसळतो आणि तिथे ॲड्रिनालिनचं इंजेक्शनच लागतं. नणंदबाईंनी कोणत्या कोणत्या गोळीने त्रास झाला त्या सगळ्यांची नावं लिहून ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवावीत. "पेनकिलरने होतं" एवढ्यावर गट ठरत नाही.


औषधवाली

काउंटरच्या अलीकडून लिहिते. मी फार्मसिस्ट आहे.

लोक ब्रँडचं नाव लक्षात ठेवतात, आतल्या औषधाचं नाही. "मला ती अमुक गोळी चालत नाही" म्हणतात आणि तेच औषध दुसऱ्या रंगाच्या पाकिटातून घेऊन जातात. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते वाचायची सवय लावा. शेवटी "फिनॅक", "प्रोफेन", "प्रॉक्सेन", "ऑक्सिकॅम" दिसलं की थांबा आणि विचारा. सगळ्यात फसवी असतात ती एकत्र गोळ्या: सर्दी-तापाच्या, पाळीच्या दुखण्याच्या, पाठदुखीच्या. पॅरासिटामॉल मोठ्या अक्षरात आणि सोबत ॲसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या काही डोकेदुखीच्या गोळ्यांत तर सरळ ॲस्पिरिनच असतं.

आणि गोळी म्हणजे फक्त तोंडाने घ्यायची नव्हे. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी), चिकटपट्टी हेही आलंच. डोळ्यांचे थेंब तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतात: केटोरोलॅक आणि डायक्लोफिनॅक यांचे थेंब मिळतात, आणि थेंब नाकात उतरून शोषले जातात. चोळायच्या जेलमधून रक्तात थोडंच जातं, पण ज्याला मोठा झटका येऊन गेलाय त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही लावू नये असं मी सांगते.

दुकानात मी विचारते, "दमा आहे का?" गिऱ्हाईक म्हणतं, "आहे, पण आत्ता डोकं दुखतंय." पुढे बोला आता.


घरघर

@औषधवाली, शेवटच्या वाक्याला दंडवत.

मी त्या ७ टक्क्यांतला. दातासाठी एका दवाखान्यात गेलो, फॉर्मवर दमा लिहिला होता, नाकाची दोन ऑपरेशनं लिहिली होती. गोळ्यांबद्दल कुणी विचारलं नाही, लिहून मिळाली ती डायक्लोफिनॅक. मला तोवर नाव ठाऊक झालं होतं म्हणून वाचलो, तिथल्या तिथे बदलून घेतली. तेव्हापासून पाकिटात एक चिठ्ठी आहे. वर मोठ्या अक्षरात "ॲस्पिरिन व सर्व एनसेड वर्ज्य" (एनसेड म्हणजे ॲस्पिरिनच्या जातकुळीतल्या या सगळ्या पेनकिलर), खाली काय चालतं त्याची नावं. काय चालतं हे लिहिणं फार उपयोगी पडतं. नुसती बंदी लिहिली की समोरचा डॉक्टर गोंधळतो आणि रुग्ण दुखत पडून राहतो.


तिन्हीसांजा

मग दुखलं तर घ्यायचं काय? पॅरासिटामॉल तर पूर्ण सुरक्षित ना?


छातीठोक

@तिन्हीसांजा, पॅरासिटामॉल कॉक्स-१ ला फार हलकं दाबतं. प्रौढांमध्ये एका वेळी ५०० मिलिग्रॅम बहुतेक सगळ्यांना चालतं. एकदम १००० किंवा त्याहून जास्त घेतलं की या आजाराच्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना थोडाफार त्रास झाल्याचं चाचण्यांत दिसलंय. तो सहसा सौम्य असतो, तरी डोस लहान ठेवा.

सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब या फक्त कॉक्स-२ वर काम करणाऱ्या गोळ्या बहुसंख्य रुग्णांना बिनत्रासाच्या जातात. पहिली गोळी मात्र डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यावी, आणि हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांचा हिशेब वेगळा. मेलॉक्सिकॅम, निमेसुलाइड मधल्या पायरीवर: कमी डोसात अनेकांना चालतात, जास्त डोसात कॉक्स-१ लाही धरतात. यांच्यावर विसंबू नका. ट्रॅमाडॉलसारखी औषधं पूर्ण वेगळ्या वाटेने काम करतात, पण त्यांचे स्वतःचे धोके आहेत आणि ती आपल्या मनाने घ्यायची नसतात.

जाता जाता, विषयाला लागूनच आहे म्हणून: मायग्रेन वारंवार येऊ नये म्हणून प्रोप्रानोलॉल देतात. छातीत धडधड, हात कापणं यांसाठीही देतात. ते पेनकिलर नाही, पण दम्याच्या माणसाला त्याने श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात, मग ॲस्पिरिन चालत असो वा नसो. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही तसेच. डोकेदुखीच्या धाग्यावर कुणीतरी प्रोप्रानोलॉलची भलामण केली होती, त्यांनी हे वाचावं.


तिन्हीसांजा

माझा मुलगा सात वर्षांचा, दमा आहे, पंप चालू. ताप आला की कधी कधी आयबुप्रोफेनचं सिरप देतो आम्ही. आता भीती वाटायला लागली.


छातीठोक

घाबरू नका. हा आजार मोठेपणी लागतो, लहान मुलांत विरळा. पूर्वी आयबुप्रोफेन दिलंय आणि धाप वाढली नाही, तर दमा आहे एवढ्यावरून ते बंद करायची गरज नसते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी एकदा बोलून घ्या. ॲस्पिरिनची गोष्ट निराळी. ते १६ वर्षांखालच्या मुलांना तापात देतच नाहीत, कारण विषाणूच्या तापात त्याने राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा आजार होऊ शकतो. त्याचा दम्याशी संबंध नाही. आणि लहान मुलाच्या नाकात पॉलिप सापडले तर डॉक्टर आधी सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार तपासून बघतात, ॲस्पिरिनकडे नंतर वळतात.


बंडूनाना

मागे बसून ऐकता ऐकता एक प्रश्न सुचला. आमच्या एका मित्राला (मित्रालाच, मला नव्हे) वाइनचा एक प्याला झाला की नाक गच्च आणि छातीत घरघर. त्यालाही पॉलिप आहेत. दारूत तर पेनकिलर नसते.


घरघर

मित्राला माझा नमस्कार सांगा. मला बिअरच्या चार घोटांत होतं.


छातीठोक

@बंडूनाना, मित्राला पेनकिलर जपून घ्यायला सांगा आणि तपासणीला पाठवा. या रुग्णांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांना दारूने, कधी अगदी थोड्या दारूने, नाक चोंदणं किंवा धाप असा त्रास होतो. इतर दमेकऱ्यांत हे बरंच कमी दिसतं. "दारूने नाक बंद होतं का?" हा प्रश्न मी म्हणूनच मुद्दाम विचारतो. रुग्ण आधी लाजतात, मग एकदम म्हणतात, "तुम्हाला कसं कळलं?"


कोरांटी

नेटवर "सॅलिसिलेट-मुक्त आहार" म्हणून भलीमोठी यादी फिरते. त्यात निम्मी फळं, भाज्या आणि सगळे मसाले बंद. आमच्या ओळखीत एकीने ते धरलंय आणि वाळून काडी झाली आहे.


छातीठोक

खाण्यातली सॅलिसिलेटं आणि ॲस्पिरिन यांत एका ॲसिटिल गटाचा फरक आहे, आणि कॉक्स-१ ला कायमचं टाळं लावायचं काम तोच गट करतो. तो नसलेली साधी सॅलिसिलेटं कॉक्स-१ ला फार दुबळेपणाने रोखतात. अशा आहाराने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही. एखाद्या पदार्थाने स्वतःला त्रास होतो असं दिसलं तर तो एक पदार्थ टाळावा. त्यासाठी सगळ्या खाण्यावर पाणी सोडू नये.


गवाक्ष

@कोरांटी, मीही ती यादी पाहिली आहे. त्यात फक्त ताट उरतं.

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला चाललाय. एका गोष्टीकडे परत वळवते. गोळ्या टाळणं सगळ्यांना जमतं, नाकाचं कुणी मनावर घेत नाही. मला फरक पडला तो नाक धुणं आणि स्टेरॉइडचा नाकातला फवारा रोज, न चुकता, सुरू केल्यावर. छातीचा पंप तर होताच. नाक सुधारलं तसा रात्रीचा खोकला उतरला. शिवाय माँटेलुकास्ट. ते ल्युकोट्राइनला त्याच्या जागेवर बसू देत नाही, त्यामुळे या आजारात त्याचा वापर समजण्यासारखा आहे. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. आणि त्याने काहींना झोपेत भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी येऊ शकते. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, बदल त्यांना आधी दिसतो.

@घरघर, तुम्ही मागे एकदा डिसेन्सिटायझेशनचा, म्हणजे शरीराला ॲस्पिरिनची सवय लावण्याच्या उपचाराचा, उल्लेख केला होता. इथे सविस्तर लिहाल?


घरघर

लिहितो. सांगितलं की लोक आधी हसतात, कारण उपचार असा की ज्या औषधाने माझा जीव घाबरा होतो तेच मी रोज खातो.

तिसऱ्यांदा पॉलिप काढल्यानंतर काही आठवड्यांनी, नाक मोकळं असताना, रुग्णालयात भरती केलं. शिरेत सुई लावून ठेवलेली, फुंकून मोजायचं यंत्र शेजारी. ॲस्पिरिनचा अगदी कमी डोस, ठरावीक अंतराने वाढवत नेलेला. मधल्या एका डोसाला नाक वाहायला लागलं, छाती आवळली. नेब्युलायझर दिलं, शांत झाल्यावर तोच डोस पुन्हा दिला आणि या वेळी काहीच झालं नाही. तिथून पुढे वर चढत गेले. एकदा शरीराने हार मानली की ती अवस्था रोजच्या गोळीने टिकवायची असते. आधी मोठा डोस दिवसातून दोनदा, नंतर डॉक्टरांनी कमी केला.

फायदा: पॉलिप परत यायचा वेग बराच मंदावला. काही महिन्यांनी वास आला. आधी आला तो जळक्या दुधाचा, आणि घरातले वैतागलेले असताना मी एकटाच खूश होतो.

तोटा: पोट सांभाळावं लागतं, आम्लपित्ताची गोळी सोबत आहे. आणि डोस चुकवायचा नाही. दोन दिवस खंड पडला की संरक्षण उतरायला लागतं, त्यानंतर आपल्या मनाने परत सुरू केलं तर पहिल्यासारखा झटका येऊ शकतो. तेव्हा पुन्हा रुग्णालय. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली की सर्जन म्हणतात ॲस्पिरिन थांबवा, आणि माझे छातीचे डॉक्टर म्हणतात आधी मला फोन करा.


छातीठोक

उत्तम लिहिलंत. एवढंच जोडतो: पोटात अल्सर, रक्तस्रावाची प्रवृत्ती, गरोदरपण किंवा आटोक्यात नसलेला दमा असेल तर हे करत नाहीत. आता दुसरी वाटही आहे, जैविक इंजेक्शनांची. डुपिलुमॅबला पॉलिपसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, नंतर ओमालिझुमॅब आणि मेपोलिझुमॅबला. नाक आणि छाती दोन्हीकडे गुण येतो, वास परत येतो, पण महाग आहेत आणि दीर्घकाळ घ्यावी लागतात. आणि ती घेतायत म्हणून पेनकिलर आपोआप चालू होते असं समजू नका. काहींची सहनशक्ती वाढते, सगळ्यांची नाही.


अर्धविराम

माझ्या वडिलांना दमा आहे आणि अँजिओप्लास्टीनंतर रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू आहे, कैक वर्षं. हा धागा वाचून आईने गोळी लपवून ठेवली आहे!


छातीठोक

@अर्धविराम, आईंना सांगा, आत्ताच्या आत्ता गोळी बाहेर काढा. रोज घेऊन त्रास होत नाहीये, म्हणजे एक तर त्यांना हा आजार नाही, किंवा रोजच्या डोसाने शरीर सरावलेलं आहे. दोन्हीत गोळी स्वतःहून थांबवणं वाईट. स्टेंट असलेल्या माणसाने ॲस्पिरिन अचानक सोडलं तर गुठळी होऊ शकते. आणि शरीर सरावलेलं असेल तर खंड पडल्यावर परत सुरू करतानाच झटक्याची भीती. काही शंका असेल तर हृदयाच्या आणि छातीच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवू दे.

ज्यांना हा आजार नक्की आहे आणि हृदयासाठी ॲस्पिरिन लागणारच आहे, त्यांच्यासाठी घरघर यांनी सांगितलेलीच पद्धत वापरतात किंवा जमत असेल तिथे क्लोपिडोग्रेलसारखं दुसरं औषध देतात.


अर्धविराम

गोळी मिळाली. साखरेच्या डब्यामागे होती. आईला धागा वाचून दाखवला, ती म्हणते तुमच्या डॉक्टरांचं नाव काय.


तिन्हीसांजा

झटका आलाच तर घरी काय करायचं, तेही कुणी लिहा ना एका जागी.


औषधवाली

उठून बसायचं, आडवं व्हायचं नाही. साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घ्यायचा, डॉक्टरांनी आधी लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणे. आराखडा नसेल तर पुढच्या भेटीत तो मागून घ्या. आणि पंपाने बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचं, कारण गोळी पोटात आहे, परिणाम काही तास टिकतो आणि झटका पुन्हा वाढू शकतो. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, चक्कर येत असेल तर पंपाचा गुण येण्याची वाट न बघता रुग्णवाहिका. स्ट्रिप बरोबर न्यायची, काय घेतलं ते तिथे लगेच कळतं.


शेवंती

एक शेवटचं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. दमा आहे, पॉलिपचं ऑपरेशन झालंय, वास येत नाही. पेनकिलर त्या कधी घेतच नाहीत, त्यामुळे चालते की नाही ते माहीत नाही. औषधवाली यांनी थेंबांचं लिहिलंय ते वाचून धडधडलं.


छातीठोक

@शेवंती, बरं झालं विचारलंत. कधी घेतलीच नाही म्हणजे उत्तर माहीत नाही, एवढंच. अशा रुग्णाला आम्ही संशयितच धरतो. मोतीबिंदूच्या आधी आणि नंतर सूज उतरवायला केटोरोलॅक किंवा तशाच औषधाचे थेंब देण्याची पद्धत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा: दमा, पॉलिप, वास नाही, एनसेड कधी घेतलेलं नाही. त्यांच्याकडे स्टेरॉइडच्या थेंबांचा पर्याय असतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हेच सांगा आणि ऑपरेशननंतर दुखलं तर काय देणार ते आधी विचारून घ्या. पंप बरोबर असू द्या, सकाळचा डोस चुकवू नका.


शेवंती

चारही मुद्दे कागदावर उतरवले. उद्या सकाळी फोन करते आणि काय म्हणतात ते इथे लिहिते.